गुलाब पास की नापास?

नव्या जातीच्या मिनिएचर गुलाबाचं पहिलं फूल कधीच वाईट नसतं. ते आपल्या गच्चीवर उमललं तरी त्याची कळी नर्सरीतच धरलेली असते. खत त्यांचं, फवारणी त्यांची, हवा पॉलिहाउसमधली. म्हणून रोप आणून पंधरा दिवस झाले नाहीत तोच कुणी "काय सुंदर जात आहे हो!" म्हणायला लागलं की मी नुसती मान डोलावते. पुण्यात गच्चीवर कुंड्यांमध्ये गुलाब वाढवायला लागून बरीच वर्षं झाली. मोठे हायब्रिड टी हळूहळू कमी केले, कारण त्या जड कुंड्या सरकवणं आता पाठीला झेपत नाही. मिनिएचर मात्र वाढत गेले. दर हिवाळ्यात दोन-तीन नव्या जाती घरी येतात आणि त्यांतली एखादी टिकते. कुठली का टिकते आणि कुठली का जाते, याचे हे अनुभव.

१. पहिला बहर जमेस धरू नका

हल्ली 'पॉट रोज' म्हणून छोट्या प्लास्टिकच्या कुंडीत जे गच्च भरलेलं झुडूप मिळतं, ते बहुतेकदा एक झाड नसतंच. तीन-चार छाट कलमं एकाच कुंडीत लावलेली असतात. शिवाय झाड ठेंगणं राहावं म्हणून वाढ रोखणारी औषधं वापरतात. त्यांचा अंमल उतरला की वीतभर वाटलेलं झाड दीड-दोन फुटांवर जातं आणि लोक म्हणतात, फसवलं. फसवलं वगैरे काही नाही, खरी उंची आता दिसायला लागली इतकंच.

मी रोप आणलं की मातीचा गोळा बादलीत भिजवते, मुळं हलक्या हाताने सोडवते आणि प्रत्येक कलम आठ इंची कुंडीत वेगळं लावते. मग पहिले दोन महिने येईल ती कळी खुडते. आमच्याकडे मदतीला येणारे माळीकाका दर वेळी वैतागतात. "ताई, कळ्याच खुडल्या तर बघायचं काय?" पानं बघायची, काका. झाडाला स्वतःच्या मुळांवर उभं राहू द्यायचं.

डोळा भरलेली रोपं असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे डोळे भरायला 'एडवर्ड'सारखे जोमदार खुंट वापरतात. अशा खुंटावर मिनिएचरसुद्धा अंगापिंडाने वाढतो, फूलही थोडं मोठं येतं. हा गुण खुंटाचा, जातीचा नव्हे. त्यामुळे कलमी झाडाची तुलना कलमी झाडाशी आणि स्वतःच्या मुळावरच्या झाडाची तशाच झाडाशी. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आणलेल्या रोपाची पेन्सिलीपेक्षा बारीक, फूल येऊन गेलेली काडी घेऊन तिची आपणच कलमं करायची. मिनिएचर महिनाभरात मुळं धरतो. परीक्षा त्या कलमांची घ्यायची.

२. नाव पक्कं नसेल तर परीक्षा घेऊ नका

'काश्मिरी गुलाब', 'बटन गुलाब' या नावांखाली लाल, गुलाबी, पांढरं काहीही मिळतं. खुशाल लावा, पण त्याची नोंद ठेवून उपयोग नाही, कारण पुढच्या खेपेला त्याच नावाने दुसरंच झाड हातात पडेल. जातीला विक्रीचं नाव एक असतं आणि नोंदणीचं दुसरं. नोंदणीच्या नावाची सुरुवातीची अक्षरं बहुधा पैदासकाराची असतात. कोर्डेसच्या जाती 'कोर'ने सुरू होतात, मेयांच्या 'मेइ'ने. 'रेनबोज एन्ड' हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव, पण नोंदणीत ती 'सॅवालाइफ' आहे, म्हणजे हार्मन सॅव्हिल यांची. रोपाबरोबर हे दुसरं नाव मिळालं तर सोडू नका. एका नर्सरीतून पिवळी म्हणून आणलेली जात माझ्याकडे गुलाबी फुलली होती. तिची दोन पानी नोंद कुणाच्याच कामाची नाही.

आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई पुण्याच्या उन्हात एक उन्हाळाही काढत नाही.

३. शेजारी एक ओळखीचं झाड हवंच

हे कुणी करत नाही, आणि याच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. यंदा भुरी जास्त आली, ती जात नाजूक म्हणून की यंदाची थंडीच तशी होती म्हणून? हे सांगणार कोण? शेजारी उभं असलेलं जुनं झाड. माझ्याकडे त्यासाठी 'स्टारिना' आहे. फ्रान्सच्या मेयांनी १९६५ साली आणलेली, शेंदरी लाल, जगभर नावाजलेली. तिच्यापेक्षा सरस जाती आता आहेत, पण तिच्या सगळ्या सवयी मला पाठ आहेत. नवी जात स्टारिनाच्या शेजारी, तशाच कुंडीत, त्याच मिश्रणात. मिश्रण साधंच. पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, हाडांचा चुरा आणि निचऱ्यासाठी वाळू. नव्या पाहुणीला जास्तीचा खुराक द्यायचा नाही. हा मोह आवरणं सगळ्यात कठीण जातं.

एका जातीची किमान तीन रोपं हवीत. एक रोप किडक्या मुळामुळे मेलं तर जात वाईट ठरत नाही, आणि एक रोप पाण्याच्या नळाजवळ राहून फोफावलं तर चांगलीही ठरत नाही. कुंड्यांच्या जागा महिन्याकाठी बदलाव्यात. गच्चीच्या कठड्याची सावली आणि टाकीजवळचा ओलावा दिसायला क्षुल्लक, पण तीन महिन्यांत झाडाझाडांत चांगलाच फरक पाडतात.

४. जात कुठे वाढली ते विचारा

मिनिएचर गुलाब कुंडीत लावला की काही लोक नाक मुरडतात, खरी परीक्षा जमिनीतच म्हणतात. मला ते पटत नाही. आजच्या बहुतेक मिनिएचर जातींचा पूर्वज 'रुलेटी' मुळात कुंडीतलाच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कर्नल रुले यांना तो स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडकीतल्या कुंड्यांमध्ये दिसला आणि कोरव्हों या वनस्पतिप्रेमी गृहस्थांनी तो जगापुढे आणला. हॉलंडच्या यान दे विंक यांनी आणि स्पेनच्या पेद्रो दोत यांनी त्यावरून नव्या जाती काढल्या. पण या रोपट्याचं घराणं उभं केलं ते कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी. २००९ साली १०२ व्या वर्षी ते गेले, आणि जवळजवळ अखेरपर्यंत संकर करत होते.

मूर यांची नर्सरी व्हायसेलियाला होती. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा, पाऊस पडलाच तर हिवाळ्यात. आपल्याकडे बरोबर उलटं. पुण्यात वाढीच्या ऐन दिवसांत पानं महिनोन्‌महिने ओली. तिथे निरोगी म्हणून गाजलेली जात इथे जुलैत उघडी-बोडकी होते, यात त्या जातीचा काय दोष? डेन्मार्कच्या पॉट रोजचंही तसंच. त्यांचा जन्म काचगृहातला आणि मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीतला.

त्यातल्या त्यात विश्वास ठेवावा तो जर्मनीच्या 'एडीआर' चाचणीवर. तिथे नव्या जाती वेगवेगळ्या ठिकाणी तीन वर्षं लावतात, आणि १९९७ पासून बुरशीनाशक अजिबात फवारत नाहीत. तिकडे पास झालेली जात आपल्याकडेही पास होईलच असं नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे अनेक वाण आहेत, एका ठिकाणच्या वाणाला पुरून उरणारी जात दुसऱ्या ठिकाणच्या वाणापुढे मान टाकते. तरी अशी जात आणली तर सुरुवात तरी चांगली होते.

५. निकाल ऑगस्टमध्ये लागतो

डिसेंबरात पुण्यात कुठलाही गुलाब देखणा दिसतो. ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करा, खत द्या, दीड-पावणेदोन महिन्यांत गच्ची फुलांनी भरते. त्या बहरावरून मत देणारा माणूस हवामानाला गुण देत असतो. पाहुण्यांना घरी बोलवायचं ते डिसेंबरात, आणि झाडाची परीक्षा घ्यायची ती ऑगस्टात.

काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. पुण्याच्या भुरभुर पावसात पान सात तास कोरडं राहिलं तरच नवल. सुरुवात खालच्या पानांवर होते. आधी मोहरीएवढा काळपट डाग, मग त्याची कड शाई फुटल्यासारखी पसरते, भोवती पिवळं वलय येतं आणि हात लागताच पान देठासकट गळतं. मिनिएचरची खालची पानं मातीपासून चार बोटांवर असतात, पावसाचा थेंब मातीवर आपटून बुरशी वर उडवतो. म्हणून मोठ्या गुलाबापेक्षा हे झाड लवकर सापडतं.

माझी पद्धत साधी आहे. जूनच्या सुरुवातीला प्रत्येक झाडाच्या तीन काड्यांना रंगीत दोरा बांधते. १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं की वही घेऊन गच्चीवर जाते आणि त्या काड्यांवर पानं किती राहिली, किती जागा रिकाम्या झाल्या ते मोजते. पान गळलं तरी त्याची खूण काडीवर राहते, त्यामुळे गडबड होत नाही. फवारणीशिवाय निम्म्याहून जास्त पानं शाबूत असतील तर झाड पास. हो, फवारणीशिवाय. औषध मारलं की परीक्षा औषधाची होते. ज्यांना नव्या जातीला पहिल्याच पावसात उघडं सोडणं जिवावर येतं, त्यांनी तीन रोपांपैकी एक फवारावं आणि दोन मोकळी ठेवावीत. फक्त फवारलेलं रोप लांब ठेवा, वाऱ्याने औषध शेजारी जातं.

पानं गळाली म्हणजे संपलं असंही नाही. काही जाती ऑगस्टात भादरल्यासारख्या होतात, पण सप्टेंबरात उघडीप मिळताच चार-पाच ठिकाणांहून लालसर फूट काढतात. अशा जातीला मी आणखी एक वर्ष देते. दुसऱ्या प्रकारच्या जाती ऑक्टोबरपर्यंत काड्याच घेऊन उभ्या राहतात आणि छाटणीनंतर टोकाकडून काळ्या पडत खाली वाळत येतात. ही शेंडेमर लागली की त्या झाडाकडून काही अपेक्षा ठेवू नये.

एका पावसाळ्यावर मात्र निकाल लावू नका, दोन पावसाळे द्या. पुण्यात सगळे पावसाळे सारखे नसतात. कधी जुलै कोरडाच जातो, कधी ऑक्टोबरातही छत्री मिटत नाही.

६. मे महिन्यात पांढरा कागद जवळ ठेवा

उन्हाळ्यातला शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पानं धुळकट, कांस्यासारखी तपकिरी दिसायला लागली की पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर मिरीच्या भुकटीसारखे ठिपके पडतील, आणि क्षणभर थांबलात तर ते चालायला लागतील. हा लाल कोळी. मिनिएचरवर तो लवकर येतो, कारण झाड दाट, बुटकं आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीच्या जवळ. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा धुऊन जातो. तेवढं मी करते, कारण कुठलाही शहाणा माणूस करेल. पण तेवढं करूनही एखाद्या जातीवर कोळी सतत ठाण मांडून बसत असेल तर तशी नोंद करते.

उन्हात फुलं लहान होतात, पाकळ्या कमी होतात, पिवळ्याचा साय-रंग होतो. त्याचे गुण मी कापत नाही. मे महिन्यात आपल्यालाही टवटवीत राहता येत नाही. फक्त कळ्या धरणं पूर्ण थांबतं का, आणि फुलकिड्यांनी कडा करपवलेली कळी उघडते का, एवढं बघते.

७. फुलाकडे तीन दिवस बघा

फूल चांगलं की वाईट, ते तिसऱ्या दिवशी कळतं. माझ्या वहीतल्या एका पिवळ्या जातीची नोंद सांगते. पहिल्या सकाळी टोकदार, नखाएवढी कळी, बाहेरच्या पाकळीवर लालसर शिडकावा. पाहूनच जीव हरखतो. दुपारपर्यंत अर्धं उमललेलं, अगदी नमुनेदार. दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट, मधले केसर उघडे. तिसऱ्या दिवशी केसर काळे, पाकळ्या मळक्या, आणि त्या गळतही नाहीत, झाडावरच चिकटून वाळतात. महिनाभर रोज तीस-चाळीस वाळलेली फुलं खुडायची, तेव्हा कुठे झाड बघण्यासारखं दिसणार. नापास.

त्याउलट ज्यांच्या पाकळ्या आपसूक गळून पडतात, त्या जातींना घरच्या बागेत मी डोळे झाकून पुढचा नंबर देते. फार दाट पाकळ्यांची जात पावसात दगा देते, बाहेरच्या पाकळ्या ओल्या होऊन चिकटतात आणि कळी न उघडताच कुजते. छायाचित्रात अशीच जात सगळ्यात सुंदर दिसते, हे तिचं दुर्दैव की आपलं, कोण जाणे.

रंगावरून वाद घालण्याआधी ऊन मोजा. १९८४ ची 'रेनबोज एन्ड' पूर्ण उन्हात पिवळ्यावर लाल काठ काढते. तीच सावलीत ठेवली तर काठ येत नाही, साधी पिवळी फुलते. मूर यांची 'ग्रीन आइस' सावलीत हिरवट राहते, उन्हात पांढरी. गॅलरीत दोन तास ऊन येणाऱ्याने आणि माझ्यासारख्या उघड्या गच्चीवाल्याने एकाच जातीबद्दल वेगवेगळं मत दिलं तर दोघंही खरंच बोलत असतात.

वासाला मी गुण ठेवलेच नाहीत. बहुतेक मिनिएचरना तो असतो नसतो, आणि असला तरी तो घ्यायला गुडघे टेकावे लागतात.

८. वही ठेवा, मोबाइल पुरत नाही

फोटो आपण फक्त चांगल्या दिवशी काढतो. वहीत वाईट दिवसही येतात. तारीख, बहर सुरू, बहर संपला, पुढचा कधी. एवढ्या चार रकान्यांवरून जात किती वेळा फुलते हे वर्षभरात कळतं.

९. प्रदर्शनाचे गुण घरी लावू नका

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे टेबलावर ठेवलेले मिनिएचर पाहून बरेच जण जातींची नावं लिहून घेतात. जरूर लिहा. पण तिथे एका फुलाची स्पर्धा असते. अमेरिकन रोझ सोसायटीची गुणवाटणी पाहा. आकाराच्या घडणीला २५, रंगाला २०, दांडी आणि पानांना २०, पाकळीच्या कसाला १५, तोल आणि प्रमाणाला १०, मापाला १०. शंभरात झाड कुठे आहे? त्या एका फुलामागे झाडाने वर्षभर काय दिवे लावले, याला एकही गुण नाही. प्रदर्शनासाठी ते योग्यच आहे. त्याच सोसायटीने मिनिएचर जातींसाठी १९७५ पासून वेगळं पारितोषिक सुरू केलं, आणि त्यासाठी झाडं बागांमध्ये लावून बघतात, हेही सांगायला हवं.

माझी वाटणी अशी. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली तब्येत ४०, बहर पुन्हापुन्हा येणं २५, फूल २०, झाडाची ठेवण १५. ठेवण म्हणजे झाड चहूबाजूंनी भरलेलं आहे का, आणि फूल, पान, काडी एकमेकांना शोभेल इतकी लहान आहेत का. फूल सुपारीएवढं आणि पानं मोठ्या गुलाबाची, असली जात मला मिनिएचर वाटतच नाही. ही वाटणी तुम्ही बदला. कोकणात राहत असाल तर तब्येतीला ५० द्या. तिकडच्या पावसात बाकीच्या गुणांचा प्रश्न नंतर येतो.

१०. नापास झाड ठेवू नका

गच्चीवरची प्रत्येक कुंडी पाणी खाते आणि आपला वेळ खाते. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे झाले, गुण पन्नासाच्या खाली आले, की झाड जातं. रोगट असेल तर पानांसकट कचऱ्याच्या गाडीत, कंपोस्टमध्ये नाही. निरोगी पण मला न आवडलेलं असेल तर ज्याला हवं त्याला, त्याचे गुणदोष सांगून. पास झालेल्या जातीची कलमं मैत्रिणींना जातात. मात्र नवी जात असेल तर तिच्यावर कुणाचा हक्क आहे का ते पाहा. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली गुलाबाच्या जातींचीही नोंदणी होते, आणि अशा जातीची कलमं करून विकायची तर हक्कदाराची परवानगी लागते.

या ऑक्टोबरात नर्सरीत जाल तेव्हा तीन जातींचं एकेक रोप उचलायचा मोह होईल. त्यापेक्षा एकाच जातीची तीन आणा, शेजारी तुमचा जुना भरवशाचा गुलाब ठेवा, आणि निकाल पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा लावा. पास झालेल्या जातीचं नाव, नोंदणीच्या नावासकट, शेजारच्या बागकाम करणाऱ्यालाही सांगा.